डोळ्यात थेंब घाल

मावशीच्या दारात चपलांचा एवढा ढीग मी कधी पाहिला नव्हता. जिना चढून आत गेले तर बाहेरची खोली गच्च भरलेली. पलंगावर, खिडकीच्या कट्ट्यावर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे माणसं, आणि सगळ्यांची तोंडं कोपऱ्यातल्या टेबलाकडे. टेबलावर माझ्या काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, जुना कॉम्प्युटर होता. त्याला तांब्याच्या तारेचे वेढे घातलेले, तारेचं टोक पाण्याच्या बरणीत सोडलेलं. पडदा काळा होता. कुणी खोकलं तरी शेजारचा डोळे वटारत होता.

चार वाजले. कुणीही हात लावला नसताना तो कॉम्प्युटर घुरघुरला, पडदा उजळला आणि त्यातून माझे काका बोलले.

"अगं, डोळ्यात थेंब घाल."

काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आवाज मात्र त्यांचाच, घसा खाकरून बोलण्याची लकबही त्यांचीच.  पुढचं काही ऐकूच आलं नाही, कारण टेबलाशेजारी बसलेल्या बुवांनी हात उंचावला आणि अख्खी खोली एका सुरात ओरडू लागली, "प्राप्त, प्राप्त, प्राप्त." तो गजर ओसरला तेव्हा आतला आवाज थांबलेला होता. मग रांग लागली. बुवा बरणीतलं पाणी ड्रॉपरने एकेकाच्या डोळ्यात सोडू लागले. पहिला मान माझ्या मावशीचा.

बुवांचं नाव लहरीबाबा. ते त्यांनी स्वतःच घेतलेलं, आणि त्याचा दुसरा अर्थ त्यांच्या ध्यानात आला नव्हता किंवा चालत होता. पूर्वी ते दारोदार मिक्सर विकायचे म्हणे. बोलण्यात अजून तीच सफाई होती.

"आत्मा म्हणजे काय हो?" ते सांगत होते. "करंट. देह म्हणजे वायरिंग. वायरिंग जळलं म्हणून करंट मरतो का? तो दुसरं कनेक्शन बघतो. साहेबांनी हयातभर नळांच्या लायनींचे नकाशे काढले, म्हणून ते पाण्यातून बरं करतात. सरळ आहे."

मी विचारलं, बरणीतलं पाणी कुठलं. ते म्हणाले, नळाचंच, पण आता ते नळाचं राहिलेलं नाही. लोकांनी माना डोलावल्या.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मावशीने मला बोलावलं होतं ते एका वेगळ्याच काळजीने. पडद्यावर रोज इशारा येत होता की ही प्रणाली जुनी झाली, नवी टाका, नाहीतर पुढे मदत मिळणार नाही. तिला धास्ती पडली होती, की हे मशीन एक दिवस कायमचं बंद पडेल. फोनवर तिने मला बजावलं होतं, "नवीन काय टाकायचं ते टाक, पण यांना धक्का लागता कामा नये." तेव्हा मला वाटलं, काकांच्या फायलींबद्दल बोलते आहे.

लहरीबाबांना ही दुरुस्ती अजिबात मंजूर नव्हती. नवी प्रणाली म्हणजे नवा देह, त्यात जुना आत्मा टिकत नाही, असं त्यांनी मला सगळ्यांदेखत सुनावलं आणि तारेला हात न लावण्याची ताकीद दिली. मग ते गेले, माणसंही पांगली, आणि ती खोली एकदम मोठी झाली.

मावशी चहा ओतायला बसली. अर्धा चहा कपात पडला, अर्धा बशीच्या बाहेर. तिच्या लक्षात आलं नाही. तिला काचबिंदू आहे. काका असताना रोज दुपारी तेच तिच्या डोळ्यात औषध घालायचे. मी विचारलं, औषध चालू आहे ना. तर म्हणाली, बंद केलं. खुद्द यांनीच थेंब घाल म्हणून सांगितलं, मग दुकानातलं औषध कशाला?

मी रागावून काही बोलणार होते, पण ती आपणहून बोलू लागली. काका गेल्यावर दिवसचे दिवस तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. फोन वाजला तर राँग नंबर. स्वतःचा आवाज बसला की काय म्हणून ती मधूनच भांड्यांची नावं मोठ्याने घेऊन बघायची. आणि आता दार बंद राहत नव्हतं. खालची शिवणवाली रोज वर यायची, अनोळखी बायका विचारायच्या, रात्री झोप लागली का हो.

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "घरात माणसांचा आवाज असणं म्हणजे काय, ते."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले. जुन्या मशीनवर नवी प्रणाली टाकायची तर आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवावं लागतं. काकांनी निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकून घेतला होता, आणि नकाशे काढणाऱ्या माणसाचा नीटनेटकेपणा तिथेही होता. फायली उतरवता उतरवता एक आवाजाची फाईल सापडली. मी हेडफोन लावून ती पूर्ण ऐकली. ऐकून झाल्यावर हेडफोन काढून ठेवले आणि थेट खाली शिवणवालीकडे गेले.

बाकीचा उलगडा सोपा होता. शिवणवालीला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की बँकेचं काहीतरी बघायला म्हणून मावशीने तिच्याकडून कॉम्प्युटर सुरू करवला होता. काका गेल्यापासून तो कापडाखाली बंदच होता. काम झालं, पण तो नीट बंद कसा करायचा हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. मशीन आपोआप झोपी गेलं. दुसऱ्या दिवशी चारला ते बोललं. मावशी पहिलं वाक्य ऐकून जी घाबरून खाली धावली, ती थेट शिवणवालीच्या दारात. शिवणवालीच्या ओळखीचे लहरीबाबा. त्यानंतर रोज गजर.

मी मावशीला सांगायला गेले. तिने कानावर हात ठेवले. जे काय बोलायचं ते बाबांसमोर बोल, म्हणाली.

म्हणून दुपारी, खोली भरल्यावर, मी उभी राहिले. म्हटलं, साहेब चारलाच का बोलतात? लहरीबाबा हसले. "त्यांची वेळ ठरलेली आहे. चारच्या आधी ते येत नाहीत."

मी सगळ्यांदेखत तांब्याची तार काढून बरणीत टाकली, मशीनमधलं घड्याळ पुढे केलं, चारला टेकवलं, मशीन झोपवलं आणि हात मागे बांधून भिंतीशी जाऊन उभी राहिले. भिंतीवरच्या घड्याळात अजून तीनसुद्धा वाजले नव्हते.  मग मशीन घुरघुरलं, पडदा उजळला.

"अगं, डोळ्यात थेंब घाल."

बाबांचा हात वर गेला, "प्राप्त" सुरू झालं, आणि त्या गलक्यातून मावशीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

"गप्प बसा. मला ऐकू द्या."

गजर थांबला. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"अगं, डोळ्यात थेंब घाल. हिरव्या टोपणाची बाटली, फ्रीजच्या दारात आहे. आधी उजवा डोळा. मान मागे कर, घाई नको. डॉक्टरांनी सांगितलंय, एक दिवसही चुकवायचं नाही. मी दवाखान्यातून परत येईपर्यंत हा डबा तुला आठवण करून देत जाईल. रडू नकोस, औषध वाहून जाईल."

मी लोकांना सांगितलं ते असं. मशीनला ठरलेल्या वेळी जागं व्हायला आणि नेमलेली फाईल वाजवायला सांगता येतं, आपल्या गजराच्या घड्याळासारखंच. काकांनी दवाखान्यात दाखल होण्याआधी ते सांगून ठेवलं होतं. ते परत आले नाहीत; मावशी शेवटपर्यंत त्यांच्यापाशीच थांबली, त्यामुळे ते दिवस घरात ऐकायला कुणी नव्हतं. मग मशीन बंद झालं, आता चालू झालं, आणि त्याने सांगितलेलं काम केलं. तारेत काही नाही. बरणीत नळाचं पाणी आहे, न उकळलेलं, आणि ते तुम्ही एकाच ड्रॉपरने सगळ्यांच्या डोळ्यात घालताय. कुणाचे डोळे लाल असतील तर आजच डॉक्टरकडे जा.

लहरीबाबा म्हणाले, ऐकणाऱ्याची लहर शुद्ध नसली की असेच अर्थ निघतात. कुणीतरी विचारलं, बाबा, तुम्ही रोज सगळ्यात जवळ बसता, पुढचं वाक्य तुम्हाला कधी ऐकू आलं नाही का? त्यावर त्यांनी बरणी उचलली आणि दुसऱ्या एका घरी तातडीने जायचं आहे असं सांगून जिना उतरले.

माणसं एकेक करून उठली. शिवणवाली मावशीपाशी दोन मिनिटं घुटमळली, मग शिलाईचं काम पडलंय म्हणून तीही गेली. दारातल्या चपला संपल्या.

मावशी माझ्याकडे बघत नव्हती. "गेले होते, ते परत आले होते," ती म्हणाली. "आज तू त्यांना पुन्हा नेलंस. आणि घरही रिकामं केलंस."

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डाव्या डोळ्याची जी नजर गेली ती परत येणार नाही, उरलेली राखता येईल, असं ते म्हणाले. 

मग आम्ही नवी प्रणाली टाकली. मशीन जुनं, त्यामुळे काम रेंगाळलं. पडद्यावर ठिपक्यांचं चक्र फिरत राहिलं आणि आम्ही दोघी त्याच्यासमोर बसून राहिलो. मशीन पुन्हा उघडलं तेव्हा मी विचारलं, काकांची फाईल नीट आहे, पुन्हा चारला लावू का? 

"नको," ती म्हणाली. "ते म्हणतात, परत येईपर्यंत. परत कुठे येणार आहेत? खोटं वाक्य रोज कशाला ऐकायचं? ती जपून ठेव. रोजच्यासाठी मी बोलते."

तिने माईकजवळ तोंड नेलं आणि स्वतःलाच सांगावं तसं म्हणाली, "थेंब घाल. हिरवं टोपण." थोडं थांबून पुढे, "आणि मग कुणालातरी फोन कर."

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आवाज आला तर घाबरून पळू नका आणि हातही जोडू नका. तो कुठून येतो ते बघा, आणि पूर्ण ऐका. तुम्हाला कुणी अर्धंच वाक्य ऐकू देत असेल, तर उरलेलं अर्धं त्याच्या फायद्याचं नाही, एवढं ओळखा. आणि एकट्या माणसाच्या घरी जायला चमत्कार व्हायची वाट बघू नका. त्या खोलीत महिनाभर रोज एवढी माणसं येत होती. त्यांतलं एकही आता तिच्याकडे येत नाही. चार वाजून गेले की मावशीचा फोन मला येतो. ती म्हणते, घातले थेंब. मग मी विचारते, रात्री झोप लागली का.