तेवीस गोकर्णी

"हे काय लागतंय गं बोटाला?"

चतुरामावशी जांभळ्या वेदीवस्त्रावरून हात फिरवत होती. मी ऐटीत सांगितलं, "गोकर्णीची फुलं. तेवीस हायेत. माझ्या मनानं काढली."

तिचा हात थांबला. "तेजश्री, उद्या राखेचा बुधवार. आता ईस्टरपर्यंत चाळीस दिवस वेदीवर फूल न्हाई."

उपवासकाळात वेदीवरची फुलदाणी रिकामी असते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण भरलेली फुलंही फुलंच, हे डोक्यात आलंच नव्हतं!

परळीतल्या आमच्या चर्चची वेदीवस्त्रं मावशी एकतीस वर्षं शिवते. दवाखान्यात आयाची नोकरी करून उरलेल्या वेळात. नक्षी सगळी चर्चच्या बागेतली. खरं पान कापडावर ठेवायचं आणि साबणाच्या तुकड्यानं कड काढायची. नाताळच्या पांढऱ्यावर शेवंती, पेंटेकॉस्टच्या सणाला लालवर जास्वंद, एरवीच्या हिरव्यावर कडुलिंब. उपवासकाळाला नुसती वेल. यंदा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून भरतकाम माझ्याकडे आलं. आणि मला ती वेल फारच उघडी वाटली.

चर्चचे सेक्रेटरी रविराजदादा मागेच म्हणाले होते, "मावशी, ह्या टायमाला बघू. न्हाई जमलं तर पुढचं सगळं रेडीमेड मागवू."

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"उसवायचं. तू काप, मी उपसते."

मी मागून टाके कापत गेले, ती चाचपून दोरे ओढत गेली. एकही दोरा तिनं फेकला नाही. सगळे रिकाम्या काडेपेटीवर गुंडाळत होती.

"तुटके दोरे कावून ठेवतीस?"

"तू काप मुकाट्यानं. कापडावर आदीच लई बोलून बसलीस, तेवीस डाव."

फुलं गेली. भोकं राहिली. बुधवारी शाळेतून धावत आले, तर मावशी नखानं कापड घासत बसलेली. मी ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली. बरीच भोकं मिटली, सगळी नाही. साडेपाच वाजले होते आणि सहाला उपासना.

उपासनेत माझं लक्ष फक्त वेदीकडे. पाळकांनी कपाळावर राख लावली तीही कळली नाही. कोरड्या वेलीच्या कडेनं बारीक ठिपके मला चक्क दिसत होते. रविराजदादांनाही दिसत असणार.

मावशी कानाशी लागली. "भोकं दिसतेत का गं?"

"न्हाई."

"मंग तुला बी मोतीबिंदू झाला म्हण की."

उपासना संपली. रविराजदादा वेदीपाशी गेले, वाकले, कापडाची कड बोटांत धरून बराच वेळ बघत राहिले. मी मावशीचा पदर मुठीत धरला.

ते आमच्याकडे आले. "ईस्टरचं पांढरं कधी देता?"

मी पदर सोडला. मग लक्षात आलं, ते माझ्याकडे बघून विचारत होते. एकतीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच मावशीला सोडून दुसऱ्या कुणाला विचारला गेला होता.

"मावशीला विचारा," मी म्हणाले.

वेदी जिकडे असेल तिकडे बघत मावशीनं पिशवीत हात घातला, ती काडेपेटी काढली आणि माझ्या हातात ठेवली. वर निळा दोरा, एकाशेजारी एक, नीट गुंडाळलेला.

"ईस्टरला चालतेत फुलं," ती म्हणाली.