औषधांचा फ्रीज आणि माझा हिरवा दिवा

मी एक जुनी पांढरी पेटी आहे. औषधांच्या दुकानात, टेबलावरच्या वहीवर वजन म्हणून पडून असते. मित्रांनो, आता फार बोलवत नाही, तरी ऐका.

माझं काम दुभाष्याचं. फ्रीजमधला तापमापक एका कंपनीचा, भिंतीवरची घंटा दुसरीची, आणि दोघांची भाषा वेगळी. फ्रीज तापला की तापमापक मला सांगायचा, मी घंटेला सांगायची, मग ती दुकान डोक्यावर घ्यायची. मला बनवणाऱ्या कारखान्याचा धंदा सरळ होता. पेटी एकदा विकायची आणि तिला कुणाच्याही यंत्राशी बोलू द्यायचं.

दुकानदारीणबाईंना माझं फार कौतुक. सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान वहीत लिहायची रीत त्यांनी मोडली. "हिरवा दिवा लागलाय ना? झालं तर," त्या म्हणायच्या. तो दिवा फक्त वीज असल्याचं सांगतो. पण मला विचारतो कोण?

पुढे माझा कारखाना एका मोठ्या कंपनीने विकत घेतला. तिची रीत निराळी. तिच्या स्वतःच्या यंत्रांनी आपापसांत फुकट बोलावं, दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांशी बोलायचं तर दरमहा पैसे. तसा निरोप बाईंच्या फोनवर आला. त्यांनी तो जाहिरात समजून पुसला. पैसे आले नाहीत, तसं आठवड्याने कंपनीने इंटरनेटवरूनच माझं तोंड बंद केलं.

त्याच उन्हाळ्यात फ्रीज बिघडला. तापमापक मला सांगून थकला. घंटा समोरच होती, पण माझा शब्द तिच्यापर्यंत जाईना. हिरवा दिवा मात्र लागलेला.

दुसऱ्या दिवशी बाईंची नणंद स्वतःचं इन्सुलिन न्यायला आली. बाटली हातात घेताच थबकली.

"वहिनी, ही फ्रीजमध्ये ठेवता की चुलीजवळ?"

"अहो वन्सं, दिवा हिरवा आहे की."

"दिव्याला मधुमेह नाही. मला आहे."

फ्रीजमधलं सगळं औषध टाकून द्यावं लागलं. वायरमनने मला उलटीसुलटी करून पाहिलं.

"पेटी धडधाकट आहे, बाई. कंपनीने तिच्या तोंडाला कुलूप लावलंय."

"मग दिवा कशाला लावून बसली होती मेली?"

वायरमनने मला टेबलावर ठेवलं आणि आपली हत्यारं आवरली.

आता वही परत आली आहे. पंख्याने पानं उडू नयेत, एवढंच माझं काम. मित्रांनो, माझ्यासारखी पेटी घेताना एक विचारा: ही उद्याही सगळ्यांशी बोलेल का, आणि ते ठरवणार कोण? घेतलीत तरी वही मोडीत काढू नका. नणंदबाई अजूनही येतात. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. बाटली आधी गालाला लावतात, मगच पिशवीत टाकतात.