सगळ्यांत शांत पहारेकरी

पहारेकऱ्याची नोकरी म्हटली की काठी, शिट्टी आणि उन्हातान्हात उभं राहणं. याची तसली नव्हती. हा घरातल्या खुर्चीत बसायचा, डोळ्यांवर कंपनीचा काळा डबा चढवायचा आणि कॉम्प्युटरमधल्या एका खोट्या शहराच्या वेशीवर पहारा द्यायचा. तिथे कुठकुठली माणसं बाहुल्यांच्या रूपात हिंडायची, आणि मेली तिथेही भांडायची. "ए टोपीवाल्या, सरक मागे!" असा हा खुर्चीतून ओरडला की शिलाई मशीनवर बसलेल्या बायकोला हसू आवरायचं नाही.

डब्याबरोबर मनगटाचा पट्टा मिळाला होता. याचा बाहुला वेशीवर नुसता उभा असला तरी चालायचं. हात हलतोय, नाडी चालतेय, म्हणजे माणूस जागा आहे, असं कंपनी धरायची. नाडी फारच बिघडली तर पट्टा आपोआप दवाखान्याची गाडी बोलवायचा. सोय चांगलीच होती, नाही कोण म्हणतं! पण ज्याची नाडी सारखी उसळते त्याला कंपनी नारळ द्यायची. आणि याची उसळायची. वरचा साहेब, ज्याला सगळे मुकादम म्हणत, त्याची तंबीही देऊन झाली होती.

तेव्हा बायकोनंच डोकं चालवलं. "आणा इकडे तो पट्टा. माझे हात दिवसभर हलतातच. आणि मी काय तुमच्यासारखी उठसूट चिडते?"

"अगं, पण कळलं तर?"

"कोणाला कळणार? पट्ट्याला डोळे आहेत होय?"

झालं! थोड्याच दिवसांत हा कंपनीतला सगळ्यांत शांत पहारेकरी ठरला. मुकादम कौतुक करायचा आणि ही दोघं पोट धरधरून हसायची. बाईला मनातून अभिमानही वाटायचा. का नाही वाटणार? नवऱ्याची नोकरी तिनं राखली होती.

त्या सकाळी तो अर्धा चहा टाकून उठला. "छातीत जरा जड वाटतंय गं."

"मग आज पट्टा तुम्हीच घाला. काही झालं तर गाडी तरी येईल."

"आणि आजच नाडीची तपासणी आहे, त्याचं काय? पित्त असेल. बांध तू."

पट्टा हातात धरून ती जरा वेळ उभी राहिली. हट्ट धरायला हवा होता. तिचा हट्ट त्यानं कधी मोडला नव्हता. पण नोकरी तिलाही हवीच होती. तिनं पट्टा बांधला आणि शाळेचे गणवेश शिवायला बसली.

दुपारपर्यंत पाठीमागून ओरडणं नाही, शिव्या नाहीत. तपासणी आहे म्हणून स्वारी गुमान बसलीय, असं तिला वाटलं, आणि बरंच वाटलं. तेवढ्यात मोबाइलवर मुकादमाचा निरोप आला, 'शाब्बास! तपासणीत तुम्ही पहिले.'

"अहो, ऐकलंत का? पहिले आलात!" तिनं आनंदानं त्याचा खांदा हलवला, तर मान एकीकडे कलंडली. तिनं डबा ओढून काढला. डोळे उघडेच होते, आणि हात गार पडला होता.

ती किंचाळली, आणि पट्टा वाजू लागला.

गाडी इतकी झटपट आली की किंकाळी ऐकून निघालेल्या शेजारणीला चपला घालायलाही उसंत मिळाली नाही. दोन माणसं धावत आत शिरली आणि लुकलुकणारा पट्टा बघून त्यांनी तिलाच धरलं. "बसा बाई, बसा. घाबरू नका, वेळेवर पोचलोय आम्ही."

"मी नाही हो, ते! त्यांना बघा!"

एकजण खुर्चीपाशी वाकला. त्यानं गळ्याला बोटं लावली, मग सावकाश मागे सरला. "यांना जाऊन बराच वेळ झालाय. पट्टा कसा नव्हता यांच्या हातात? असता तर..."

बाई पट्टा ओरबाडून काढायला गेली, पण तो सुटेचना. तो तसाच वाजत राहिला.