माशाच्या मागची मारलीस

शवपेटीशेजारी ठेवलेला फोटो पाहून गुड्रुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंद गळ्याचं करडं ब्लाउज, घट्ट मिटलेले ओठ, पोलिसांनी उभं केल्यासारखी नजर. आरोग्य विम्याच्या कार्डावरचा फोटो मारलीसच्या भाचीने मोठा करून आणला होता. मारलीसशी अडतीस वर्षांची मैत्री, आणि ते ब्लाउज गुड्रुन आज पहिल्यांदा बघत होती.

"दुसरा फोटो नव्हता का गं, सिल्के? ही कोण बाई आणून ठेवलीस?"

"कुठला आणू?" सिल्के वैतागूनच होती. "मावशीचे सगळे उन्हाळे तुमच्या त्या तळ्यावर. आणि तिथे म्हणे फोटो काढायचाच नाही! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला हा नियम, देव जाणे."

गुड्रुनच्याच डोक्यातून निघाला होता.

उत्तर जर्मनीत, मेक्लेनबुर्गच्या त्या तळ्याकाठी मे ते सप्टेंबर दोघींच्या कारवानी, चाकांवरची छोटी घरं, शेजारी-शेजारी असत. तो विवस्त्र राहणाऱ्यांचा क्लब, तिथे कुणीच कपडे घालत नाही. पोहायचं, मटार सोलायचे, पत्ते कुटायचे, भांडायचं, सगळं उघड्या अंगाने. हिवाळ्यात मारलीस रोस्टॉकला आणि गुड्रुन नॉयब्रांडेनबुर्गला, दर रविवारी फोनवर. दोघींनी एकमेकींना कपड्यांत पाहिलं असेल ते चार-पाच वेळा, तेही ओव्हरकोटात.

नियम उगाच झाला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी एका पाहुण्याने गंमत म्हणून काढलेला फोटो इंटरनेटवर गेला आणि क्लबातल्या एका शिक्षिकेला वर्गात तोंड दाखवणं मुश्कील झालं. तिने गाव सोडलं. तेव्हापासून गुड्रुन फाटकापाशी बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या फोनच्या दोन्ही डोळ्यांवर, पुढच्या आणि मागच्या, मुरंब्याच्या बरण्यांना लावतात तसलं निळं गोल लेबल चिकटवायची. लोक कुरकुरायचे. कुणाला पावलं मोजायची असत, कुणाला साखर. "मोजा की, पावलांना डोळे कशाला हवेत?" ती म्हणायची. सनक्रीमच्या हातांनी लेबलं सुटायची, ही पुन्हा चिकटवायची. पहिल्या चुकीला फोटो पुसायचा, दुसरी चूक करायला माणूस क्लबात राहायचाच नाही. या नियमात काही चूक नव्हती, हेच तर तिचं दुखणं होतं.

जुलैत हाइको नावाच्या नव्या सभासदाने एक भलामोठा मासा पकडला, आनंदाच्या भरात लेबल नखाने उचकटलं, मासा काठावर ठेवून फोन रोखला. मागे गुड्रुन आणि मारलीस खुर्च्या टाकून बसलेल्या. गुड्रुन ताडकन उठली, ओरडत धावली, तोवर फोटो निघाला होता. त्याच्या डोक्यावर उभी राहून तिने तो फोटो पुसायला लावला. पुसलेले फोटो ज्या टोपलीत महिनाभर पडून राहतात तीही रिकामी करायला लावली. या बाबतीत तिला कुणी शेंडी लावू शकत नव्हतं. पुसण्याआधी तिने फोटोकडे धड बघितलंही नाही. संध्याकाळपर्यंत हाइको तंबू गुंडाळून गेला.

"राहू द्यायचास की एक," मारलीस म्हणाली होती. "मी तर छान हसले होते."

"आज तुझा राहू देऊ, उद्या कुणाच्या नातीचा?"

"मी नात आहे का? सत्तरीची म्हातारी आहे मी. माझं मी ठरवेन ना."

दोन दिवस अबोला होता. सप्टेंबरात कारवानींना कुलपं लागली आणि आठवड्याभराने रोस्टॉकच्या घरात मारलीसचं हृदय बंद पडलं.

अंत्यविधीनंतर गुड्रुनला दुसरं काही सुचेना. मारलीस हसत होती, आणि ते हसू तिने स्वतः पुसायला लावलं होतं. मग फोनच्या दुकानातल्या मुलीने तिला सांगितलं, "आजी, फोनमधून गेला तरी बऱ्याचदा घरच्या कॉम्प्युटरवर आपोआप उतरलेला असतो. विचारून बघा." त्या रात्री गुड्रुनला कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली.

तिने हाइकोला पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय हाइको, माझी मैत्रीण' एवढं लिहून कागद चुरगाळला. असे चार कागद गेले. तीस वर्षं क्लबाची चिटणीस म्हणून तिने एकाच सुरात पत्रं लिहिली होती. विनवणीचा सूर तिच्या हाताला माहीतच नव्हता. शेवटी टपालपेटीत पडलं ते असं: 'विषय: नऊ जुलैचे छायाचित्र. त्यासंबंधी गुरुवारी दुपारी तीन वाजता आपल्या घरी येत आहे. फोन व संगणक तयार ठेवावा.' वाचून तिला ते नेटकं वाटलं.

गुरुवारी दार हाइकोनेच उघडलं आणि तिच्याकडे नुसता बघत राहिला. "कोण हवंय आपल्याला?"

"अरे, मी गुड्रुन!"

त्याने तिचा कोट, स्कार्फ, बूट वरपासून खालपर्यंत पाहिले. "माफ करा हं. कपड्यांत ओळखू नाही आलात."

तळ्यावर सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. इथे जिन्यात तो एकदम अहोजाहोवर आला आणि तिलाही मग तेच करावं लागलं.

आत टेबलावर फोन मांडून ठेवला होता. त्याची बायको बिर्गिट हाताची घडी घालून साक्षीदारासारखी बसली होती.

"तपासा," हाइको म्हणाला. "काही सापडणार नाही."

"नीट आठवा. एखादी प्रत कुठेतरी असेल."

"नाही म्हणजे नाही. लेखी देतो हवं तर."

"मी तक्रार करायला नाही आले हो."

"असंच म्हणतात आधी," बिर्गिट म्हणाली. "मग वकिलाचं पाकीट येतं."

गुड्रुनचा धीर सुटला. "मला तो फोटो हवाय!" ती जवळजवळ किंचाळली. "मारलीस गेली. माझ्यापाशी तिचा एकसुद्धा फोटो नाही. त्या एकात होती ती. द्या ना, पाया पडते!"

बिर्गिटने हाताची घडी सोडली.

"सांगून टाक," ती हाइकोला हळूच म्हणाली.

"होता," हाइको म्हणाला. "कॉम्प्युटरवर आपोआप उतरला होता. सोमवारपर्यंत होता. सोमवारी तुमचं पत्र आलं आणि आमची पाचावर धारण बसली. मेव्हणा म्हणाला, नुसतं पुसून भागत नाही, शोधून काढतात. म्हणून त्याने डिस्कला ड्रिलने भोकं पाडली. चार."

गुड्रुनने कपाळावर हात मारला. माझंच पत्र, माझ्याच हाताने! शिव्या द्यायच्या तर कुणाला? बिर्गिटने कॉफी पुढे केली, तिने ती हातात धरली, प्यायली नाही.

"त्यात ती कशी दिसत होती, तेवढं तरी सांगा," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही बघत असाल ना अधूनमधून?"

"रोज बघायचो. एकाहत्तर सेंटिमीटरचा होता!" हाइकोचे हात आपोआप फाकले, मग त्याने ते मुकाट्याने खाली घेतले. "मारलीस म्हणजे त्या गवती टोपीवाल्या ना?"

"हो, हो! हसत होती ना ती?"

खोटं बोलणं हाइकोला सहज जमलं असतं, पण बिचाऱ्याने खरंच आठवून पाहिलं.

"मागे तुम्ही होतात," तो म्हणाला. "उभ्या, दोन्ही हात वर, ओरडताना. अख्ख्या फोटोत माशानंतर तुम्हीच. त्या तुमच्यामागे झाकल्या गेल्या होत्या. तुमच्या कमरेशेजारी टोपीची नुसती कडा दिसत होती, एवढीशी. बाकी काही नाही."

गुड्रुनने कप टेबलावर ठेवला. तो बशीवर नीट बसेना, तिने दोनदा उचलून पुन्हा ठेवला.

"तेवढीसुद्धा चालली असती हो मला," ती म्हणाली.