क्रेनला कावीळ

मुलगी वॉर्डातल्या दोन खाटांमधून लंगडी घालत होती आणि तिचा बाप पिवळ्याधमक डोळ्यांनी तिच्याकडे बघत पडला होता. कावीळ दोघांनाही झाली ती एकाच नळाच्या पाण्यातून. तिला जरा मळमळलं, अंग कोमट झालं आणि लगेच ती भूक भूक करायला लागली. तो मात्र आडवा झाला. घरसामान हलवण्याच्या धंद्यात त्याला सगळे क्रेन म्हणत. लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेऊन जिने चढणारा माणूस, आता पाण्याचा पेलाही दोन्ही हातांनी धरत होता.

"पोरीला काही नाही, मग मलाच का?" त्याने डॉक्टरबाईंना विचारलं.

बाई खाटेवर टेकल्या. त्यांनी समजावलं की विषाणू यकृतात शिरतो खरा, पण स्वतः फारशी मोडतोड करत नाही. त्याला हुसकायला शरीराचीच फौज धावते आणि तो ज्यांत लपलाय त्या पेशीच झोडपत सुटते. लहान मुलांची फौज बेताने मारते, मोठ्यांची हात राखत नाही. विषाणू कुठल्या जातीचा, पोटात किती गेला, त्यानेही थोडाफार फरक पडतो.

"म्हणजे मला माझ्याच ताकदीनं लोळवलं," तो म्हणाला. त्यातही त्याला जरा बरंच वाटलं.

पण तपासणीत रक्त गोठायला वेळ लागत होता, म्हणजे यकृताचं काम मंदावलं होतं. यकृत थकलं की माणूस बरळायला लागतो, तेव्हा लक्ष ठेवा, असं बाईंनी त्याच्या बायकोला बजावलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच त्याची परीक्षा घेतली. बायकोचा वाढदिवस कधी, असं विचारलं. त्याने विचार करून तारीख सांगितली. बायकोने नकारार्थी मान हलवली. बाईंचा चेहरा उतरला.

"घाबरू नका," बायको म्हणाली. "हे दरवर्षी हीच तारीख सांगतात."

सगळा वॉर्ड हसला. तोही पोट धरून हसला. बायकोने त्याचं मनगट मात्र घट्ट धरून ठेवलं होतं.

हळूहळू रिपोर्ट सुधारले. घरी आल्यावर काही आठवड्यांनी तो मुलीला शाळेत सोडायला निघाला. दप्तर त्याच्या खांद्यावर होतं. चढावर मध्येच तो थांबला.

"दमलो गं."

बापाच्या तोंडून हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. मग तिने दप्तर काढून आपल्या पाठीवर घेतलं आणि त्याच्या चालीने, सावकाश, चढ चढू लागली.