घरी शिकते

शाळा उघडायच्या दिवशी थोरली सगळ्यांच्या आधी उठली. सुट्टीत धुऊन ठेवलेला गणवेश तिने घातला, वेणी घट्ट घातली आणि दप्तर पाठीला अडकवून दाराशी उभी राहिली. घरात तिला सगळे थोरलीच म्हणत, शेजारीपाजारीसुद्धा. तिचं खरं नाव फक्त शाळेतल्या हजेरीत घेतलं जाई, आणि ते ऐकायला तिला फार आवडे.

"अगं, दप्तर काढ," आई म्हणाली. आई लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला जायची आणि आजपासून तिची पाळी सकाळची झाली होती. "बाळाला कोण बघणार?"

"पण शाळा..."

"शाळा कुठे पळून चाललीय? आणि बाईंनी पेटी दिलीय ना! घरी शिक की."

पेटी म्हणजे अभ्यासपेटी. सुट्टी लागायच्या आधी बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक दिली होती. तिच्यात मोजायचे मणी होते, शब्दपट्ट्या होत्या, अपूर्णांकांच्या रंगीत चकत्या होत्या आणि झाकणाच्या आत पालकांसाठी सूचना चिकटवल्या होत्या. हेतूला नाव ठेवायला जागाच नव्हती. सुट्टीत मुलं शिकलेलं विसरू नयेत आणि शाळा उघडल्यावर अडखळू नयेत, एवढंच. थोरलीने त्या सूचना आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. 'मुलांजवळ रोज थोडा वेळ बसा.' बाबा टेम्पो धुता धुता हसले होते. "वाचतेस मात्र झकास हं!" म्हणाले होते. कौतुक झालं, जवळ कोणी बसलं नाही.

घरात पेट्या दोन आल्या होत्या. धाकट्या भावाला त्याच्या वर्गात मिळालेली पेटी त्या सकाळी त्याच्याबरोबर शाळेत गेली. थोरलीची घरी राहिली, थोरलीसकट.

थोरली हिरमुसली, पण घाबरली नाही. बाई येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोणी शाळेत आलं नाही की बाई घरी जाऊन आईबापांची खरडपट्टी काढत, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मागच्या वर्षी शिंप्याच्या मुलाला त्यांनी काजं-बटणांतून उठवून, हाताला धरून वर्गात नेलं होतं. म्हणून भांडी घासताना, बाळाला न्हाऊ घालताना, थोरलीचा कान जिन्याकडे असे. चपला वाजल्या की ती बाळाला कडेवर घेऊन दाराशी धावायची. कधी वरच्या मजल्यावरच्या आजी निघत, कधी दूधवाला. बाळाने तोवर अर्ध्याची चकती चघळून तिची पाव करून टाकली होती.

बाई एका शनिवारी आल्या. आईला त्या दिवशी सुट्टी होती. बाईंबरोबर एक साहेब होते, पेट्यांचा उपयोग होतो की नाही ते बघायला आलेले. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

"ही आमची सगळ्यांत हुशार मुलगी," बाई म्हणाल्या.

"शाळेत दिसली नाही?" साहेबांनी विचारलं.

आईने मान खाली घातली. बाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा कडेवरच्या बाळाकडे, आणि मग हसून साहेबांकडे. "घरी शिकते, सर. पेटीमुळे तर जमतंय हे. आमच्या वर्गात गळती नाहीच."

आपल्या ऐकण्यात काही चुकलं, असं थोरलीला वाटलं. "बाई, मला शाळेत..."

"हो गं हो, शहाणी माझी. जरा पेटी उघड बघू. बाळ राहू दे असंच कडेवर, छान दिसतंय." साहेबांनी फोटो काढला. "हस की गं!" बाई म्हणाल्या.

आईने घरी ठेवलं तेव्हा थोरलीला एवढं लागलं नव्हतं. आईचा नाइलाज तरी होता. बाईंचा कसला नाइलाज होता? खरं बोलावं, चुकलं तर हात वर करून सांगावं, हे शिकवलं होतं ते याच बाईंनी. मोठी माणसं याला केसाने गळा कापणं म्हणतात. थोरलीला एवढे शब्द कुठले! बाई जिना उतरून जाईपर्यंत ती उघड्या पेटीसमोर बसून राहिली, आणि मग बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसून रडली.

सोमवारी आई कामावर गेल्यावर तिने बाळाला एका कडेवर घेतलं, पेटी दुसऱ्या बगलेत मारली आणि शाळा गाठली. वर्गात हजेरी चालली होती. ती दारातच थांबली. तिचं नाव आलं. बाईंनी ते हाक मारल्यासारखं घेतलं नाही. "घरी शिकते," असं पुटपुटून त्या पुढे गेल्या. थोड्या वेळाने आणखी एक नाव तसंच गेलं. मग आणखी एक. सगळी मुलींची होती.

"हजर, बाई," थोरली म्हणाली.

अख्खा वर्ग वळला. थोरलीने पेटी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"ही परत घ्या. ही घरात आहे तोवर मला कोणी शाळेत धाडणार नाही."

"अगं, पण आई काय म्हणेल? बाळाचं काय?"

"आईबाबांना तुम्ही विचारा. तुमचं ऐकतात ते. पेटी तुम्ही दिलीत म्हणून तर त्यांनी मला घरी ठेवलं."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पेटी उघडली, चघळलेली चकती हातात घेतली, खाली ठेवली. मग थोरलीचं नाव पुन्हा घेतलं, अगदी हळू, हाक मारून.

हे नाव ऐकायला थोरली किती दिवस आसुसली होती! आज त्या तोंडून ते तिला गोड लागलं नाही. ती बाळाला घेऊन आपल्या बाकावर जाऊन बसली. शेजारच्या मुलीची जागा रिकामी होती; तिचंही नाव मघाशी तसंच पुटपुटून गेलं होतं.

"मी मघाशीच हजर म्हटलंय, बाई," ती त्या जागेवर हात ठेवून म्हणाली. "हिला कोण बोलावणार?"

 ज्यांच्या घरी अशी एखादी थोरली आत्ता बाळ सांभाळत बसली आहे, त्यांनी याचं उत्तर द्यावं.