झाडं कुणाची

नानांनी चाळण दोन्ही हातांनी धरून जोरात हलवली, तसा विटांच्या चुऱ्याचा तांबूस धुरळा उडाला आणि थेट त्यांच्या चष्म्यावर बसला. त्यांनी चाळण खाली ठेवली, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा तितक्याच जोरात हलवायला लागले.

"हळू, नाना," सूनबाई म्हणाली. "बारीक धूळ खाली पडायला हवी. आपल्या नाकात नाही."

"नाकात गेलेली झाडाला चालत नाही का?"

"नाना."

"बरं बरं."

गच्चीवर कोवळं ऊन होतं. हिवाळा सरत आला होता. सकाळी स्वेटरशिवाय भागत नव्हतं आणि अकरा वाजले की त्याचंच ओझं व्हायचं. कठड्यालगतच्या फळ्यांवर, ताटल्यांसारख्या उथळ कुंड्यांमध्ये, वीत-दीड वीत उंचीची झाडं उभी होती. डाळिंब आणि अंजीर पानं गाळून नुसत्या काड्या होऊन बसले होते. लवकरच त्यांच्या फांद्यांवरचे डोळे फुगायला लागतील. ते फुटायच्या आत झाडं कुंड्यांतून काढून, मुळं छाटून, ताज्या मातीत बसवायला हवी होती. आजची ही त्याची तयारी. माती चाळायची, हत्यारांचा गंज काढायचा, कुंड्यांच्या काठांवर चढलेले पांढरे क्षार घासायचे, तळाच्या भोकांवर ठेवायला जाळीचे तुकडे कापायचे.

झाडं नानांच्या मुलाची. म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याची. तो गेल्याला तीन हिवाळे झाले होते. पहिल्या वर्षी या दोघांना माती बदलायची असते हेच ठाऊक नव्हतं, आणि त्याने लहानपणापासून वाढवलेलं सुरूचं एक झाड ऐन उन्हाळ्यात उभ्या उभ्या वाळलं. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. सूनबाईने वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं आणि पुढच्याच रविवारपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला चालणाऱ्या बोन्सायच्या वर्गात नाव घातलं. बालवाडीत आठवडाभर मुलांमागे धावून दमलेली ती, रविवारीही पहाटे उठून बस पकडायची. परत आली की नाना विचारायचे, "काय शिकलीस?" आणि ती सगळं सांगायची.

आज मात्र तिने ठरवलं होतं की आपण हात लावायचा नाही.

"मिश्रण तुम्ही करा," ती म्हणाली. "मी नुसती बघते."

"का? तुझ्या हातांना काय झालंय?"

"काही नाही. तुम्हाला एकट्याला जमायला हवं."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी घमेल्यात भरड वाळू घेतली, विटांचा चाळलेला चुरा घेतला, कुजलेल्या पानांचं खत घेतलं. खत जास्त पडलं. ती सांगणार होती, पण ओठ मिटून बसली. नानांनी एक मूठ उचलून दाबली, उघडली. गोळा तसाच राहिला.

"फुटला पाहिजे ना हा?"

"हो."

"मग वाळू कमी पडलीय." त्यांनी आणखी एक ओंजळ टाकली, पुन्हा मूठ दाबली. या वेळी गोळा बोटांतून ओघळला. नाना परीक्षेत पास झाल्यासारखे तिच्याकडे बघून हसले. तिनेही हसून मान हलवली आणि पटकन पाठ फिरवून कुंडी घासायला घेतली. नाना हसले की तिला पुढचं बोलणं आणखी अवघड व्हायचं.

हत्यारांची पेटी उघडल्यावर नाना खऱ्या अर्थाने कामाला लागले. बाजारातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण लोखंडाच्या बारीक वस्तू हातात आल्या की त्यांची पाठ आपोआप वाकायची आणि श्वास हळू व्हायचा. त्यांनी मुळं मोकळी करायचा आकडा उचलून उन्हात धरला, तार तोडायची पकड उघडझाप करून ऐकली. मग लांब मुठीची कात्री उचलली, निसण्याचा दगड पाण्यात बुडवला, आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवलं.

"धार तू लाव."

"मी? ते तुमचं काम आहे."

"मी नुसता बघतो."

"नाना, मला नाही येत. मागच्या वेळी वाकडी लागली होती. कात्रीच तशी आहे ती."

"नाचता येईना अंगण वाकडं. बस इथे."

ती बसली. त्यांनी तिचं मनगट धरून कोन दाखवला. पातं दगडावर एकाच दिशेने न्यायचं, परत आणताना उचलायचं. दाबायचं नाही. आवाज कर्कश आला तर कोन चुकला, पाण्यावर रेशीम ओढल्यासारखा आला तर बरोबर. ती करत राहिली. आवाज चुकला की नाना "अं" एवढंच म्हणायचे.

"आता तेल," ते म्हणाले. "जोडावर. थेंबभर नाही, थेंबाचा वास. लोक तेल ओततात आणि मग धूळ चिकटली म्हणून रडतात."

"तुम्ही आहात की दरवर्षी."

"तुला एकटीला जमायला हवं," नाना म्हणाले.

तिचा हात थांबला. थोड्या वेळापूर्वी आपण हेच शब्द बोललो होतो, हे तिच्या लक्षात आलं. पण ते तिलाच का ऐकवताहेत, हे कळेना. तिने कात्री फडक्यावर ठेवली.

"नाना, मला थोडं बोलायचं होतं."

"जाळी कापायची राहिलीय."

"कापते. पण त्याआधी..." तिने जाळीचा तुकडा हातात घेतला आणि त्याच्या कडेची एक तार उगाच वाकवत बसली. "म्हणजे तसं घाईचं नाही काही. म्हणजे, तुम्ही आधी चहा घेणार का?"

नानांनी चष्मा काढून कपाळावर चढवला.

"अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? औषधवाल्याबद्दलच बोलायचंय ना?"

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणता आणता ती काउंटरपाशी दोन मिनिटं जास्त थांबायला लागली होती, त्याला वर्ष होत आलं होतं. पावसाळ्यात त्याने सरळ विचारलं होतं. तिने अजून उत्तर दिलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या बहिणीने. आता कळायचं कुणी उरलंही नसेल. तिच्या कानावर गेलं की दवंडी वेगळी पिटावी लागत नाही."

"आत्या काय म्हणाल्या?"

"ती काय म्हणायची ते म्हणू दे. माणूस चांगला आहे. माझ्या गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देतो, सकाळ-रात्रीचा घोळ होऊ नये म्हणून. चंद्र जरा केळ्यासारखा येतो." नानांनी पकड उचलून पुसायला घेतली. "हो म्हणालीस का?"

"नाही अजून."

"मग घोडं कुठं अडलंय?"

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी वाळत टाकून तिला काठीने झोडपत होतं. तो आवाज थांबेपर्यंत सूनबाई जाळीची तार वाकवत राहिली.

"ही झाडं इथेच राहतील," ती शेवटी म्हणाली. "तुमच्यापाशी. म्हणून तर तुम्हाला माती शिकवत होते. तुमचा एकदा हात बसला, म्हणजे मला... म्हणजे मग मी त्याला सांगेन."

नानांनी पकड खाली ठेवली.

"इथे राहतील?"

"हो."

"अगं, मी तर ती तुझ्याबरोबर पाठवणार होतो. म्हणून तुला धार लावायला शिकवत होतो. तिकडे कोण लावून देणार?"

"मी कशाला नेऊ? तुमचा जीव आहे त्यांच्यात."

"माझा?" नाना म्हणाले. त्यांनी एकवार फळीवरच्या झाडांकडे पाहिलं, मग जिन्याच्या दाराकडे, जणू तिथून कुणी ऐकत असावं. त्यांचा आवाज खाली आला. "रागावणार नसशील तर एक सांगू?"

"सांगा ना."

"मला ही झाडं कधीच आवडली नाहीत."

तिने फळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"झाडाने कसं, चांगलं छपराच्या वर जावं. हे काय, फांदीला तारा गुंडाळायच्या, वाढलं की मुळं कापायची. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं, अरे, यापेक्षा कोंबड्या पाळ, अंडी तरी मिळतील. आठवडाभर बोलला नव्हता माझ्याशी."

"मग इतकी वर्षं तुम्ही..."

"तू वर्गाला जायला लागलीस. दमून यायचीस, पण यायचीस तेव्हा बोलायचीस तरी. म्हटलं, पोरीचं मन रमतंय कशात तरी. आपल्याला काय, चाळण हलवायची."

सूनबाईने तोंडावर हात ठेवला. नानांना वाटलं ती रडतेय, ते घाईघाईने उठायला लागले. पण तिचे खांदे वेगळ्याच तऱ्हेने हलत होते.

"मी त्यांना सवती म्हणायचे," ती हसत, डोळे पुसत म्हणाली. "त्याच्या तोंडावर. एकही रविवार माझ्या वाट्याला आला नाही, नाना. सिनेमाला चल म्हटलं की अंजिराची पानं काढायची असायची. वर्गात मी काय आवडीने जात होते? तो सुरू वाळला तेव्हा तुम्ही जेवला नाहीत. मला वाटलं, आणखी एक जरी गेलं तरी तुम्ही..."

"मी सुरूसाठी जेवलो नाही होय? तू मोरीत नळ सोडून रडत होतीस म्हणून जेवलो नाही."

"मी तुम्ही ताट सारलंत म्हणून रडत होते!"

"छे. आधी तू."

"आधी तुम्ही, नाना. मला पक्कं आठवतंय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग नानाही हसायला लागले, आवाज न करता, पोट धरून. चष्मा कपाळावरून घसरून घमेल्यातल्या मातीत पडला. तिने तो उचलून फुंकर मारून दिला.

हसणं ओसरल्यावर गच्ची फार शांत वाटली. डाळिंबाच्या एका काडीवर मुंगी चढत होती. टोकाला पोचली, तिथे काही नाही असं पाहून परत फिरली.

"मग देऊन टाकायची का कुणाला?" सूनबाईने विचारलं. "वर्गातल्या बाई घेतील. आनंदाने घेतील."

नाना उठून फळीपाशी गेले. डाळिंबाच्या खोडाला जिथे जुन्या तारेचा वळ उमटला होता, तिथे त्यांनी अंगठा ठेवला. तो वळ मुलाच्या हातचा होता. तार काढायला त्याला उशीर झाला होता. त्या महिन्यात तो इस्पितळात होता. तीन वर्षांत साल भरून आली होती, पण वळ बुजला नव्हता.

"आवडत नाही म्हणून घरातल्याला कुणी घालवून देतं का?" ते म्हणाले.

ती त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"अर्धी तू ने," नाना म्हणाले. "अर्धी इथे राहू दे. तुझ्याकडची आजारी पडली तर माझ्याकडे आण, माझ्याकडची पडली तर तू ये. दोन गल्ल्यांचं तर अंतर."

"आजारी पडली तरच येऊ?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

तिने कुंडीच्या काठावरची माती बोटाने सारखी केली. "तिकडे गेल्यावर मी तुम्हाला काय म्हणायचं, नाना?"

"काय म्हणायचं म्हणजे? नाना म्हणायचं. सगळा बाजार म्हणतो, तुझंच काय जड झालंय?"

तिने त्यांच्या सदऱ्याच्या खांद्यावरची विटेची धूळ झटकली, आणि झटकून झाल्यावरही तिचा हात थोडा वेळ तिथेच राहिला.

मग नाना पुन्हा घमेल्यापाशी बसले. जाळीचे तुकडे, तारेचं वेटोळं, घासलेल्या कुंड्या यांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि मानेनेच हिशेब केला.

"रविवारी बसवून टाकू सगळी," ते म्हणाले. "दोघांनीच केलं तर दिवस जाईल. तिघं असलो तर दुपारपर्यंत उरकेल."

सूनबाईने चमकून पाहिलं. ते चाळण उचलण्यात गढले होते. ती उठली, हात स्वेटरलाच पुसले आणि फोन घेऊन जिन्यात गेली. तिथून तिचं बोलणं कळत नव्हतं, नुसता आवाज येत होता; आधी हळू, मग मध्येच मोठा, मग पुन्हा हळू. बऱ्याच वेळाने ती दारात आली. फोन तिने छातीशी दाबून धरला होता.

"नाना, तो विचारतोय, येताना काय घेऊन येऊ?"

नानांनी चाळण हलवली. धुरळा उडाला.

"काही नको म्हणावं. जुने कपडे घालून ये."